‘नोंदणी अपात्र’च्या मागावर तीन दिवस

यवतमाळला मी आजवर किती वेळा गेलो असेन, ते सांगता येणार नाही. आर्णीच्या तहसील कार्यालयासमोर चौतीस वर्षे अर्जनवीस म्हणून, लोकांचे अर्ज लिहून देत, टेबल मांडून बसणाऱ्या माणसाला जिल्ह्याच्या ठिकाणी जावेच लागते. कधी न्यायालयातून नक्कल काढायला, कधी कुणाच्या अर्जाची पोच मिळवायला. तरीही गेल्या हिवाळ्यातल्या तीन दिवसांना मी प्रवास म्हणतो. या वेळी ज्या लोकांत मी वावरलो, त्यांचा मुलूख मला सर्वस्वी परका होता. संकेतस्थळे बांधणाऱ्या, स्वतःला वेब व्यावसायिक म्हणवणाऱ्या मंडळींची ती कार्यशाळा होती. माझ्या वयाचे आणि माझ्या धंद्याचे कुणी तिकडे फिरकल्याचे ऐकिवात नाही. म्हणून हा वृत्तान्त.

जाण्याचे कारण आधी सांगितले पाहिजे. आमच्या तालुक्यात डोंगराच्या अंगाला कोलाम आदिवासींचे एक पोड आहे. पोड म्हणजे त्यांची वस्ती. अकरा घरे, मध्ये चावडी, भोवती सागवान. या अकराही कुटुंबांना वनहक्काचे पट्टे मिळालेले आहेत आणि त्यांचे दावे मीच लिहिले होते. बोंडअळीने तालुक्यातल्या पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीची, वाट लावली त्या वर्षी पोडावर जो कापूस वाचला, तो हमीभावाच्या खरेदी केंद्रावर न्यायचा तर आधी संकेतस्थळावर नोंदणी करणे आवश्यक होते. माझ्या स्वतःच्या चार एकरांची नोंदणी मी पहिल्याच दिवशी केली आणि ती झाली. त्यानंतर पोडावरच्या अकरा कुटुंबांचे अर्ज माझ्याच टेबलावरून, माझ्याच मोबाइलवरून भरले. अकराही अर्जांवर दोनच शब्द उमटले: ‘नोंदणी अपात्र’.

कारण दिलेले नव्हते. एखाद्याचा अर्ज नाकारायचा तर त्याला कारण कळवले पाहिजे, हे कनिष्ठातला कनिष्ठ कारकूनही जाणतो. कारणाविना दिलेला नकार हा आदेश नव्हे, तो उद्धटपणा होय. कारण दिले नाही म्हणून मी ते अनुमानाने काढले. माझी जमीन सातबाऱ्याची, तिला गट क्रमांक आहे. त्यांची पट्ट्याची, तिथे आम्ही पट्टा क्रमांक लिहीत होतो. माझी नोंदणी झाली, त्यांची झाली नाही. फरक जमिनीचा. म्हणजे संसदेने कायदा करून दिलेला हक्क एक यंत्र नाकारत होते. ते संकेतस्थळ बनवणाऱ्या नागपूरच्या कंपनीला मी सतरा पत्रे लिहिली, प्रत्येकात वनहक्क कायद्याची कलमे उद्धृत केली, आणि पोडावर जाऊन सांगितले की तुमच्या जमिनीला हे मानत नाहीत, परंतु मी सोडणार नाही.

सतराव्या पत्रानंतर उत्तर आले ते कंपनीचे नव्हते. यवतमाळच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात गुरुवार ते शनिवार कार्यशाळा भरणार आहे, आपली पत्रे आम्ही वाचली, आपण अवश्य यावे. खाली सही, मुक्ता, संयोजक. नोंदणीची मुदत त्याच शनिवारी संध्याकाळी सहाला संपत होती. आपल्याला सुनावणीस बोलावले आहे, असे मी समजलो. पत्रव्यवहाराची अनुक्रमणिका केली, तीन प्रतींत संच बांधले आणि निघालो.

गुरुवार. यवतमाळ

एस.टी.च्या खिडकीतून दिसणारी शेते त्या वर्षी पाहवत नव्हती. कुठे पऱ्हाटी उपटून बांधावर रचलेली, कुठे उभ्या पिकात जनावरे सोडलेली. तूर तेवढी शेंगांनी वाकलेली होती. माझ्या शेजारच्या बाईंनी ओच्यातून भाजलेल्या शेंगा काढून मला मूठभर दिल्या आणि विचारले, “कोर्टात चालले का काकाजी?” मी हो म्हणालो. माझी तशीच समजूत होती.

महाविद्यालयाच्या दाराशी एका मुलीने माझ्या गळ्यात पट्टीला लटकवलेले ओळखपत्र अडकवले. त्यावर माझ्या नावाखाली ‘डेव्हलपर’ छापले होते. मी हरकत घेतली. जे मी नाही ते माझ्या छातीवर लिहिणे हे खोटे निवेदन आहे, असे सांगितल्यावर तिने शांतपणे तो शब्द खोडला आणि बॉलपेनने ‘अर्जनवीस’ लिहिले. दिवसभर निदान दहा जणांनी मला त्या शब्दाचा अर्थ विचारला.

आपल्याकडे कोणताही कार्यक्रम दीपप्रज्वलनाने सुरू होतो आणि शाल-श्रीफळात तासभर जातो. इथे नवाच्या ठोक्याला तिशीतली एक बाई टेबलाच्या कडेला बसली आणि बोलू लागली. त्याच मुक्ता, पुण्याहून आलेल्या. मी फाइल घेऊन उभा राहिलो आणि सुनावणी कोणासमोर आहे ते विचारले.

“काका, सुनावणी नाहीये,” त्या म्हणाल्या. “इथे सगळे शिकायला आलेत. मीसुद्धा.”

“मग मला का बोलावले?”

“तुमच्याकडून शिकायला. आणि जमलं तर तुम्हाला थोडं शिकवायला.”

मला त्यात उपहास वाटला. दुपारच्या गाडीने परतायचे असे ठरवून मी बाहेर आलो. बाहेर पोहे आणि तर्री वाढत होते. रागाच्या भरात मी तर्री जास्त घेतली आणि ठसका लागला. पाण्याचा पेला पुढे करणारा तरुण म्हणाला, “काकाजी, मी प्रशिक. इथंच पाटीपुऱ्यात राह्यतो. तुमची सतराही पत्रं माह्याकडंच आली.”

तो फॉर्म त्याने बनवला होता. कंपनी नागपूरची, पण काम वाटून दिलेले, आणि आमच्या अकरा अर्जांना नाकारणारे ते दोन शब्द या मुलाने यवतमाळच्या एका खोलीत बसून टंकले होते. चार महिने ज्या प्रतिपक्षाला मी शोधत होतो, तो माझ्यासमोर पोह्यांची बशी धरून उभा होता.

“उत्तर का दिले नाहीत?”

“काय देऊ? कंपनी म्हणे, पत्राले उत्तर देणं तुह्यं काम नाही. अन् खरं सांगू का, तिसऱ्या पानानंतर मले समजूनच नाही राह्यलं. शेवटी मुक्ता मॅडमले नेऊन देल्ली. त्या म्हणाल्या, या माणसाले बोलवा.”

मी त्याला बरेच बोललो. त्याने मान खाली घालून ऐकून घेतले आणि मग म्हणाला, “वर चला काकाजी. दुपारी हातानं करायचं आहे, नुसतं ऐकायचं नाही.”

हाताने करायचे म्हणजे प्रत्येकाने संगणकावर एक अर्ज तयार करायचा. मराठी टंकलेखन यंत्रावर माझी हयात गेली आहे आणि प्रशिकने तीच कळफलकाची मांडणी संगणकावर लावून दिली. ही मुले मराठी शब्द रोमन अक्षरांतून जुळवतात. मी खाली न पाहता लिहीत गेलो तेव्हा चार-पाच जण मागे येऊन उभे राहिले. एकाने विचारले, “हे कुठं शिकवतात?” मला बरे वाटले, हे नाकारण्यात अर्थ नाही.

माझ्या अर्जात पंधरा रकाने झाले. मुक्ताबाईंनी एकेका रकान्यावर बोट ठेवून एकच प्रश्न विचारला: हे कशासाठी विचारता? वडिलांचे नाव कशासाठी, वय कशासाठी, धंदा कशासाठी, ‘द्वारा’ कशासाठी. सहा रकान्यांचे समर्थन मी केले. उरलेल्या नवांविषयी मला एवढेच सांगता आले की ते नेहमीच असतात. वकिलाने साक्षीदाराला कोंडीत पकडावे तसे वाटले. परंतु त्यांच्या आवाजात जिंकल्याचा सूर नव्हता. मुक्काम वसतिगृहात होता. परतीच्या गाडीचे मी कुणापाशी बोललो नाही.

शुक्रवार. पोड

दुसऱ्या दिवशी प्रत्येक गटाने एखाद्या खऱ्या वापरणाऱ्याकडे जायचे होते. माझा गट कुठे जाणार, हे उघड होते. मुक्ताबाई, प्रशिक आणि मी भाड्याच्या जीपने निघालो. आर्णी मागे पडल्यावर रस्ता अरुंद होतो, मग कच्चा, आणि शेवटचा टप्पा सागवानातून पायी. वाळलेली पाने पायाखाली इतकी वाजत होती की बोलणे थांबले.

वाटेत मुक्ताबाईंनी नियम सांगितला. वापरणारी व्यक्ती अर्ज भरत असताना कुणी काही सुचवायचे नाही. ती अडली तरी नाही, चुकली तरी नाही. फक्त पाहायचे आणि लिहून घ्यायचे. एका म्हाताऱ्या बाईला अडलेली पाहून गप्प बसायचे, हा कुठला शिष्टाचार, असे मी विचारले. मग माझे मलाच आठवले की आपल्याच साक्षीदाराला उत्तर सुचवणारा प्रश्न विचारता येत नाही. न्यायालयात हा नियम मी शेकडो वेळा पाहिला होता. माझ्या टेबलावर तो कधी पाळला नव्हता.

आम्ही सोनाबाईंकडे गेलो. वयाने माझ्याएवढ्या, आश्रमशाळेत चौथीपर्यंत शिकलेल्या, अक्षर अक्षर लावून वाचणाऱ्या. नवरा नाही, मुलगा कामासाठी बाहेरगावी, सून सोबत. एकच मोठी खोली आणि ती आढ्यापर्यंत कापसाने भरलेली. कापसाने अंगाला खाज सुटते म्हणून दोघी ओसरीत झोपत होत्या.

सोनाबाई मुक्ताबाईंना म्हणाल्या, “पाय ना बाई, घर कापसाचं अन् आमी भाईर. लवकर जाऊ द्या याले.”

मोबाइलला रेंज फक्त मोहाच्या झाडाखालच्या एका दगडावर येते. सोनाबाई सुनेचा फोन घेऊन त्या दगडावर बसल्या. आम्ही तिघे मागे जमिनीवर. नाव लिहायला त्यांना बराच वेळ लागला. एक काना चुकला, त्यांनी तो पुसून पुन्हा लिहिला. माझा हात दोनदा पुढे गेला आणि दोनदा मी तो मागे घेतला. पट्ट्याचा क्रमांक त्यांनी न चुकता भरला. तो त्यांना तोंडपाठ होता.

पुढचा रकाना मोबाइल क्रमांकाचा. त्यांनी कमरेची पिशवी उघडली, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला पट्टा काढला, त्याच्या घडीतून एक चिठ्ठी काढली आणि तिच्यावरचे आकडे एकेक करून दाबू लागल्या. अक्षर माझे होते. क्रमांकही माझाच होता.

“फोन तर तुमच्या हातात आहे,” मुक्ताबाई हळूच म्हणाल्या. “हा नंबर कुणाचा?”

“काकाजीचा. सुनेचा हाय माह्यापाशी, पन काकाजीनं सांगतलं, माह्याच लिवाचा. कागद हरपत नाही मंग.”

हे मी खरोखर सांगितले होते. आमच्या धंद्यातली ती जुनी रीत आहे. ज्याला टपाल मिळत नाही त्याच्या अर्जावर ‘द्वारा’ म्हणून आम्ही आपला पत्ता लिहितो; नोटीस आली की निरोप धाडतो. कागदावर एका पत्त्याखाली शंभर अर्जदार राहू शकतात. पोडावरच्या अकराही अर्जांवर मी माझा क्रमांक टाकला होता, आणि त्याआधी, पहिल्या दिवशी, माझ्या स्वतःच्या अर्जावर.

सोनाबाईंनी बटण दाबले. ‘नोंदणी अपात्र.’

मी मागे वळून प्रशिककडे पाहिले. त्याची वही गुडघ्यावर उघडी होती आणि त्याला कारण समजले होते, हे त्याच्या चेहऱ्यावरून मला समजले. नियमाप्रमाणे त्याने ते फक्त वहीत लिहिले.

मुक्ताबाईंनी विचारले, “आजी, हे काय म्हणतंय असं तुम्हाला वाटतं?”

“आमची जमीन नाई म्हनते ते,” सोनाबाई म्हणाल्या. “हे सगळं पोड जानते. काकाजीनं सांगतलं.” मग म्हणाल्या, “एकदा देल्ली तं वापस कायले घेऊन राह्यले, थेच नाही समजत. रात्री झोप नाही लागत मले.”

नंतर झाडाआड नेऊन प्रशिकने मला सांगितले ते थोडक्यात असे. एका क्रमांकावर एकच शेतकरी, अशी अट कंपनीने घातली होती. गट क्रमांकाचा रकाना काहीही स्वीकारतो, पट्ट्याचाही क्रमांक. जमिनीशी नकाराचा संबंध नव्हता.

“मग ‘हा क्रमांक आधी वापरला आहे’ असे का लिहिले नाही?”

“सगळ्या चुकांले एकच संदेश लावला होता, काकाजी. घाई होती. नंतर वेगळे करू म्हटलं. नंतर कोणी विचारलंच नाही.” मग तो म्हणाला, “तुमच्या पत्रात नंबरचं कुठंच नव्हतं. सतरा पत्रांत. मी जमिनीचाच रकाना तपासत बसलो.”

मला त्याच्यावर ओरडायचे होते. कारणाविना नकार देण्याचा अपराध त्याचा होताच, तो मी आजही माफ केलेला नाही. परंतु कारण माहीत नसताना ते ठरवण्याचा, ते कायद्याच्या भाषेत सजवण्याचा आणि अकरा घरांत नेऊन पोचवण्याचा उद्योग माझा होता.

सोनाबाईंनी सुनेच्या क्रमांकावर पुन्हा अर्ज भरला. ओटीपीचे सांकेतिक आकडे आले, ते त्यांनी स्वतः भरले, आणि नोंदणी क्रमांक पडद्यावर उमटला. त्या फोन छातीशी धरून तशाच दगडावर बसून राहिल्या. सूनबाईने उकडलेल्या तुरीच्या शेंगा मीठ लावून आणल्या. तुरीच्या हंगामात आमच्याकडे पाहुण्याला हेच देतात, आणि मी एकही सोलली नाही.

पोडावर आणखी चार घरांत फोन होते. त्यांचीही नोंदणी उजेडात झाली. बाकीचे लोक तुरीच्या सोंगणीला गेले होते. घरी असलेल्यांना मी म्हणालो, नंबर बदलायचा आहे. का बदलायचा, ते सांगितले नाही. त्या दिवशी माझ्या तोंडून तेवढेच निघाले.

शनिवार. पुन्हा यवतमाळ

तिसरा दिवस परिषदेचा. मोठे सभागृह, पडद्यावर चित्रे, एकामागून एक व्याख्याने, आणि मध्येच टाळ्या. मला अर्धा तास दिलेला होता आणि वनहक्क कायद्यावरचे माझे भाषण सुवाच्य अक्षरात तयार होते. मी ते पिशवीतच ठेवले. मोहाच्या झाडाखाली काय घडले तेवढे सांगितले. पाच मिनिटेही लागली नाहीत. सभागृहात कुणी टाळी वाजवली नाही, याबद्दल मी त्या मुलांचा आभारी आहे.

मग सगळेच कामाला लागले. मुदत संध्याकाळी सहाची आणि सहा घरे बाकी. प्रशिकने कंपनीला फोन लावला. नकाराचे कारण पडद्यावर दाखवायला कंपनी लगेच तयार झाली आणि व्हरांड्यात बसून त्याने अर्ध्या तासात ते करून टाकले. एका क्रमांकावर अनेक अर्ज घेण्यासाठी मात्र वरून परवानगी हवी होती, आणि वरचे लोक शनिवारी जागेवर नव्हते.

तेव्हा मागच्या रांगेतला एक जण उठून म्हणाला, “सर, आमचे नंबर घ्या ना. इथे साठ फोन आहेत.”

पाहता पाहता माझ्यासमोर चिठ्ठ्या जमल्या. नागपूरचे, पुण्याचे, वर्ध्याचे क्रमांक. मार्ग सोपा होता, आणि तो मी चौतीस वर्षे चालत आलो होतो. कापूस कोणत्या दिवशी आणायचा, हा निरोप मग वर्ध्याच्या एखाद्या मुलाच्या खिशात वाजला असता. मी मुक्ताबाईंकडे पाहिले. त्या काही सुचवणार नव्हत्या. ठरल्याप्रमाणे मोहाखालच्या दगडावर थांबलेल्या सोनाबाईंच्या सुनेला मी फोन केला आणि म्हणालो, सहाही घरांना विचारून ये; उत्तर मी द्यायचे नाही, त्यांनी द्यायचे.

तासाभराने तिचा फोन आला. तीन घरांनी पुतण्याचे, जावयाचे, बहिणीचे क्रमांक शोधून काढले होते. त्यांच्या नोंदण्या ती दगडावर बसून करत होती. उरलेल्या तीन घरांकडे असे कुणी नव्हते. त्या तिघांत वयाने सर्वांत मोठे ते लेतू. त्यांचे उत्तर तिने जसेच्या तसे सांगितले: “परक्याचा नंबर नको. आमचा कागद आमच्या घरी येऊ द्या. नाई आला तं नाई.”

मी त्यांना समजावू शकलो असतो. माझे शब्द त्या घरांत चालतात. मी समजावले नाही. सहा वाजता प्रशिकने पडदा माझ्याकडे वळवला. नोंदणी बंद झाली होती. आठ घरे आत होती, तीन बाहेर. एका क्रमांकावर अनेक अर्ज घेण्याची परवानगी मागणारे पत्र मी तिथेच बसून लिहिले. ते एका पानाचे झाले आणि त्यात एकही कलम नव्हते.

रविवार

घरी न जाता मी आर्णीला उतरलो तो थेट पोडावर गेलो. तीनही घरांसाठी माझ्या चुकीची लेखी कबुली सोबत होती, सही आणि तारखेसह. लेतू चावडीपुढे उन्हात बसून दोरी वळत होते. शेजारी सोनाबाई होत्या. मी कागद उलगडला.

“कागद राहू द्या, काकाजी,” सोनाबाई म्हणाल्या. “तोंडानं सांगा.”

लिहिल्याशिवाय मला नीट बोलता येत नाही, हे मला तेव्हा कळले. मी म्हणालो, नकार माझ्या फोनमुळे आला. तुम्हाला मी जमिनीचे सांगितले ते खोटे होते. मला माहीत नव्हते आणि मी सांगितले.

लेतूंचे हात थांबले. “म्हणजे पट्ट्याले कोणी काही म्हटलं नाही?”

“नाही.”

“चार महिने?”

“एक दिवसही नाही.”

लेतूंचा कापूस आता पडेल भावाने व्यापाऱ्याच्या दाराशीच जाणार होता, हे त्यांनाही ठाऊक होते आणि मलाही.

“मंग वावर आमचंच हाय,” ते म्हणाले. विचारत होते की सांगत होते, ते कळले नाही, म्हणून मी हो म्हणालो. त्यांनी दोरी पुन्हा हातात घेतली आणि तिचे दुसरे टोक धरायला माझ्याकडे दिले.